न वाचता दिलेले गुण

गेल्या वर्षीची, म्हणजे 3 मार्च 2025 ची सकाळ. सोमवार होता आणि दुसरा रोजा. सहरी झाली, फज्रची नमाज झाली. एरवी अशा वेळी आमच्या घरातली मुलं पुन्हा अंथरुणात शिरतात. त्या दिवशी मात्र माझी धाकटी मोबाइल घेऊन बसली होती. अमेरिकेत ऑस्करचा सोहळा चालू होता. तिला 'इनसाइड आउट 2' जिंकायला हवा होता. जिंकला 'फ्लो', लॅटव्हिया नावाच्या छोट्याशा देशातला. एक मांजर, पूर, एक होडी आणि अख्ख्या चित्रपटात एकही शब्द नाही.

ती नाराज झाली. म्हणाली, "अब्बू, हे ठरवतं कोण?"

मी शिक्षक. शिक्षकाला उत्तर येत नसलं तरी देण्याची सवय असते. म्हणालो, "मोठमोठे जाणकार लोक सगळे चित्रपट बघतात आणि ठरवतात."

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, माझं उत्तर निम्मं चुकीचं होतं.

ऑस्करमध्ये पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटासाठी वेगळा पुरस्कार 2002 पासून आहे. पहिला मान 'श्रेक'ला मिळाला. नियमांनुसार चित्रपट 40 मिनिटांपेक्षा मोठा हवा, त्यातला किमान 75 टक्के भाग अॅनिमेशनचा हवा आणि पात्रांची हालचाल एकेका चौकटीतून घडवलेली हवी. निर्माता आपला चित्रपट पाठवतो, अकादमी पात्र चित्रपटांची यादी काढते. त्या यादीतून पाचांना नामांकन मिळतं. पूर्वी हे काम एका खास समितीकडे होतं. 2017 मध्ये नियम बदलला आणि अकादमीच्या कुठल्याही शाखेतल्या इच्छुक सदस्याला नामांकनात भाग घेता येऊ लागला. त्यासाठी ठरावीक संख्येने चित्रपट पाहावे लागतात. शेवटच्या फेरीत मात्र सगळेच सदस्य मत देऊ शकतात: नट, संगीतकार, वेशभूषाकार, सगळे. हजारो माणसं.

आणि या शेवटच्या फेरीत पाचही चित्रपट पाहिलेच पाहिजेत, अशी सक्ती इतकी वर्षं नव्हती! काही सदस्यांनी नाव न सांगता सिनेमाच्या मासिकांना सांगून टाकलं होतं की कार्टून आम्ही बघत नाही, घरातल्या पोरांना जे आवडतं त्याला मत देतो. 2022 च्या सोहळ्यात तर मंचावरूनच थट्टा झाली की हे चित्रपट मुलं पुन्हा पुन्हा बघतात आणि आईबाप सहन करतात. ज्यांनी चार-चार वर्षं एकेका चौकटीवर घालवली, त्यांना ते फार लागलं.

एप्रिल 2025 मध्ये अकादमीने नवा नियम जाहीर केला. शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत.

बातमी वाचून मी हसलो. बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे सांगावं लागतं? दुसऱ्याच क्षणी मला एक जुनी गोष्ट आठवली आणि हसू गेलं.

काही वर्षांपूर्वी एका निबंध स्पर्धेचा मी परीक्षक होतो. मराठीचे गठ्ठे होते, उर्दूचा एक गठ्ठा होता. आम्ही तिघं परीक्षक, आणि उर्दू वाचता येणारा मी एकटा. मराठीचे निबंध तिघांनी मन लावून वाचले, वादही घातले. उर्दूचा गठ्ठा हातात आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. चहा येऊन गेला होता, निकाल त्याच दिवशी हवा होता. मी पानं चाळली. अक्षर पाहिलं, सुरुवातीच्या दोन ओळी पाहिल्या आणि बहुतेकांना दहापैकी पाच-सहा गुण देऊन टाकले. पहिले तीनही क्रमांक मराठीला गेले.

महिन्याभराने कपाट आवरताना तो गठ्ठा पुन्हा हाती लागला. सहज वाचायला बसलो. सहावीतल्या एका मुलीने दादीवर लिहिलं होतं. दादी जिनिंगमध्ये कामाला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. लहानपणी त्या मुलीला वाटायचं, दादी रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि सकाळी पुन्हा तरुण. मी तिला पाच गुण दिले होते.

ती मुलगी तेव्हा सातवीत गेली होती. व्हरांड्यात भेटली तेव्हा मी म्हणालो, "बेटा, तुझा निबंध फार सुंदर होता." तिने विचारलं, "सर, तुम्ही तेव्हाच वाचला होता?"

मी "हो" म्हणालो.

म्हणून ऑस्करच्या त्या मतदारांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. तक्रार आपण नेहमी हीच करतो की आपली भाषा त्यांना येत नाही, आपलं कुणी वाचत नाही. तिथे तर भाषा येणारा माणूस बसलेला होता. तो मी होतो.

पण वाचलं जाण्याआधी गठ्ठ्यात तरी यावं लागतं. ती वेगळी लढाई. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने 'दिल्ली सफारी' बनवला, दिग्दर्शक निखिल अडवाणी. मुंबईच्या जंगलातले प्राणी आपलं घर वाचवायला थेट दिल्लीला संसदेकडे निघतात, अशी गोष्ट. 2012 मध्ये ऑस्करसाठी विचारात घेतलेल्या 21 अॅनिमेशनपटांत हे नाव होतं. पाचांत आलं नाही, पुरस्कार 'ब्रेव्ह'ला गेला. आपल्याकडे मात्र 'दिल्ली सफारी'ला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय पुरस्काराची रीत निराळी. तिथे हजारो मतदार नसतात. नेमलेलं छोटं परीक्षक मंडळ चित्रपट बघतं, चर्चा करतं, ठरवतं. 2025 मध्ये 'महावतार नरसिंह' ऑस्करच्या 35 पात्र चित्रपटांच्या यादीत होता. यादीत येणं अवघड आहे, पण खरी शर्यत पुढे असते. हजारो मतदारांनी आपला चित्रपट लावून बघावा म्हणून जाहिराती, खास खेळ, भेटीगाठी कराव्या लागतात. मोठ्या स्टुडिओंकडे त्यासाठी पैसा आणि माणसं दोन्ही असतात. म्हणून 'फ्लो'चं कौतुक जास्त. तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनला. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवणाऱ्या नासिर शेखची आठवण झाली.

आता आपल्या मनातला प्रश्न. या पाचांत मुसलमान माणसं कधी दिसली? दिसली. 2008 मध्ये 'पर्सेपोलिस', इराणच्या क्रांतीत वाढणारी मुलगी. 2018 मध्ये 'द ब्रेडविनर', तालिबानच्या काबूलमध्ये मुलाचा वेश घेऊन घर चालवणारी परवाना. 2022 मध्ये 'फ्ली', अफगाणिस्तानातून निसटलेला निर्वासित. त्याला अॅनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तीन विभागांत नामांकन मिळालं, असं आधी कधी घडलं नव्हतं. तिघांपैकी ऑस्कर कुणालाच मिळालं नाही. तिन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात. तरी मनात येतं, आमच्या गोष्टीला यादीत यायला दर वेळी युद्ध, पळापळ, जुलूम लागतो का? जिनिंगवरून घरी येणारी दादी त्यांना पुरेल का?

मुंबईच्या गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोज' म्हणूनच मला जवळचा वाटतो. त्यातला सलीम काश्मीरमधून आलेला, रस्त्यावर फुलं विकणारा. त्याच्याही मागे हिंसा आहेच, पण चित्रपटभर तो प्रेमात पडलेला एक साधा पोरगा आहे. एकेक चौकट रंगवून केलेला हा चित्रपट 2019 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पहिला चित्रपट म्हणून दाखवला गेला. ऑस्करच्या पाचांत तो नव्हता. पण माझ्या घरातल्या पाचांत आहे.

आमच्या पिढीला तर पुरस्कार माहीत नसतानाच एक अॅनिमेशनपट पाठ होता: दूरदर्शनवरचा 'एक अनेक और एकता'. 1974 चा, फिल्म्स डिव्हिजनचा. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अॅनिमेशन भीमसेन यांचं. मुळेबाई मुंबईत जन्मलेल्या मराठी बाई, पेशाने शिक्षणातल्या. त्या छोट्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे मला बीएड झाल्यावर कळलं. पुरस्कार देणाऱ्यांनी तो नक्की बघितला असणार.

यंदा पुन्हा निबंध स्पर्धा झाली, पुन्हा मी परीक्षक. या वेळी मी एक अट घातली. ज्याने ज्या भाषेचे सगळे निबंध वाचले नसतील, त्याने त्या भाषेचे गुण द्यायचे नाहीत. आणि उर्दूसाठी आणखी एक वाचणारा हवा. सोबतचे एक सर म्हणाले, "अहो, असं केलं तर निकालाला दोन दिवस लागतील."

"लागू द्या," मी म्हणालो.

तीन दिवस लागले. पहिल्या तिघांत एक उर्दूचा निबंध आला, दोन मराठीचे. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, वाचून आले.

ती मुलगी आता कॉलेजात आहे, पाचोऱ्याच्या बाजारात कधीमधी दिसते. सलाम करते. तिला खरं सांगायचं अजून राहिलंय. धाकटीला मात्र सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अब्बू, तो निबंध कुठे आहे? मला वाचायचाय."

कपाटात आहे. काढून दिला.