खुंटी

आंबीचा पूल आला की मागच्या सीटवर झोपलेली ठमी उठते आणि काचेच्या फटीला नाक लावते. खाली इंद्रायणी असते. पुण्यात मुठेवरून जाताना ही बाई डोळासुद्धा उघडत नाही.

ठमी रस्त्यावरचीच, कचराकुंडीशेजारी सापडलेली. आता तिचा महापालिकेचा परवाना आहे, रेबीजची लस झालेली आहे, गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला. नाही ती फक्त पळायला जागा. दोन वर्षं शोधते आहे. सोसायटीच्या बागेत हिरवळीपेक्षा पाट्या जास्त. टेकडीवर मोर, तिथे हिला सोडणं मलाच पटत नाही. शहराबाहेर तासावर भाडं घेऊन कुत्री सोडू देतात, असं कळलं म्हणून एकदा नेलं. चार लॅब्रडॉर आणि त्यांचे फोटो काढणारी चार कुटुंबं. ठमी कुंपणाच्या कडेकडेने एक फेरी मारून दाराशी येऊन बसली. पैसे मात्र पूर्ण तासाचे गेले.

हैदराबादने २०१८मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी बाग केली. अमेरिकेत बर्कलीला १९७९मध्येच असं मैदान झालं होतं, भुयारी रेल्वेसाठी घरं पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुत्री आली नाहीत, ती घरं आली. मग वाटलं, आपल्याकडे काय कमी जमीन मोकळी झाली? आंबीला जाऊ.

आंबीला आमचं घर. म्हणजे भावाचं.

आप्पांचा, म्हणजे वडिलांच्या चुलत्यांचा, दुपारी चारचा चहा बशीत असायचा. शेवटचा घोट ते प्यायचे नाहीत. बशी पायरीवर ठेवायचे, खंड्या ती चाटून लख्ख करायचा आणि मग दोघं निघायचे. आप्पा पुढे, खंड्या मागे. घराबाहेर पडलं की खंड्या पुढे. भातखाचराच्या बांधावरून तो असा चालायचा की जणू बांध त्यानेच घातलाय. ओंब्या भरल्या की सगळ्या शिवाराला इंद्रायणी तांदळाचा वास यायचा. हे वाण आमच्याच मावळातलं, वडगावच्या भात संशोधन केंद्राचं, १९८७चं. आप्पा मात्र मरेपर्यंत आंबेमोहोराच्याच आठवणी काढत राहिले. नदीशी आलं की आप्पा बिडी पेटवायचे आणि खंड्या पुलाच्या बरोबर मध्यापर्यंत जाऊन बसायचा. त्यापुढे एक पाऊल नाही. पलीकडच्या काठावर पलीकडची कुत्री अशीच बसलेली असायची. एकमेकांकडे बघून झालं, की सगळे उठून आपापल्या घरी. मी दहा वर्षांची असेन. रोज वाटायचं, आज हा पलीकडे जाईल. त्याच्या गळ्यात कधी दोरी पाहिली नाही.

मग नवलाख उंब्र्याकडे एमआयडीसी आली. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२०च्या डिसेंबरात तिथून शेवटची गाडी बाहेर पडली, पुढे तो ह्युंदाईने घेतला. पण गाड्या तयार व्हायच्या आधी रस्ता तयार झाला होता, आणि रस्त्यावर खडीचे, सळयांचे ट्रक. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा खंड्याला बांधलं. गाईचं जुनं दावं होतं, ते गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. तीन रात्री तो रडला. रडला म्हणजे माणसासारखा. आळीतलं कोणी झोपलं नाही, पण तक्रारही कोणी केली नाही. चौथ्या रात्री आईने आप्पांना उठताना ऐकलं. गोठ्याची कडी वाजली. मग शांत.

सकाळी आप्पा गोणपाट घेऊन रस्त्याकडे गेले आणि परस्पर बांधावरच्या करंजाखाली खड्डा खणून आले. हात धुतले. चारला चहा घेतला, शेवटच्या घोटासकट.

तो बांध आता नाही. वडगावला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली, सहीची जागा वकिलाने बोटाने दाखवली. येताना भावाने साडी घेतली, पेढे दिले. माझी तक्रार नाही. साडी चांगली आहे. खाचराचे गुंठे पडले, प्रत्येक गुंठ्याला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. करंज नेमका कुठल्या तुकड्यात होता, हे विचारायला मी कोण?

ऑगस्ट २०२५मध्ये दिल्लीची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने आधी सांगितलं आणि अकरा दिवसांनी बदललं: पिसाळलेली आणि हल्ला करणारी सोडून बाकीच्यांची नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. शेवटचे शब्द मी दोनदा वाचले. माहेरवाशिणींसाठी असा काही आदेश निघाल्याचं ऐकिवात नाही.

परवा तारांच्या कडेने नदीपर्यंत गेले. वाऱ्याला वास नव्हता. ठमीच्या पट्ट्याची कडी काढली. ती सुटली, कान मागे टाकून, पोट जमिनीला घासेल अशी. वीस पावलं झाली असतील. टेम्पोच्या सावलीतून तीन कुत्री उठली, आवाज न करता. मी पळत सुटले, चप्पल तुटली, आणि मागून काकूंची हाक आली, "अगं ए, बांध तिला! गावची हायेत ती, फाडत्याल!"

कडी लवकर बसेना. ठमी माझ्या दोन्ही पायांच्या मधे शिरून थरथरत होती. तिघं दहा हातांवर थांबली, मातीत कसलीशी रेघ असल्यासारखी.

"शहाणी का खुळी तू?" काकू म्हणाल्या. "हिला गोठ्यात ने. च्या टाकते."

गोठ्यात आता भावाच्या दोन मोटारसायकली असतात. खुंटी जागेवर आहे, मध्यभागी झिजून बारीक झालेली. ठमीने ती बराच वेळ हुंगली. मी पट्टा तिच्यात अडकवला, दोनदा ओढून पाहिला आणि आत गेले. काकूंनी चहा बशीत ओतला, तोवर तरी ती रडली नव्हती.