पहिल्या वर्षाच्या शोधात

डब्लिन, 24 फेब्रुवारी 2013

ती. मावशींस,

आयर्लंडमध्ये नर्सची गरज कमी झालेली नाही, कमी झाल्या आहेत त्या मंजूर जागा. आणि या दोहोंतला फरक ध्यानात घेतल्याखेरीज इथल्या नवपदवीधर मुली बॅगा भरून देश का सोडत आहेत, हे उलगडत नाही. 2008 साली घरबांधणीचा फुगा फुटला, बँका कोलमडल्या, आणि मार्च 2009 मध्ये सरकारने सार्वजनिक सेवेतील नोकरभरती व बढत्या गोठवल्या. पुढे नोव्हेंबर 2010 मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या पुढाकाराने 85 अब्ज युरोंची बचावयोजना स्वीकारावी लागल्यावर काटकसर हा कर्जाच्या अटींचाच भाग झाला. भरतीबंदीत कुणाला काढून टाकले जात नाही, म्हणून ती वरवर सौम्य दिसते. प्रत्यक्षात निवृत्त झालेल्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या नर्सची जागा तशीच रिकामी राहते आणि रुग्ण मात्र पूर्वीसारखेच येत राहतात.

इथले नर्सिंगचे शिक्षण 2002 पासून चार वर्षांच्या पदवीचे झाले असून शेवटच्या वर्षात 36 आठवड्यांची इंटर्नशिप असते, म्हणजे विद्यार्थिनीचे नाव ड्यूटीच्या तक्त्यावर लागते आणि ती पगार घेऊन वॉर्डात काम करते. पदवी हातात पडल्यावर मात्र त्याच वॉर्डात तिला जागा नसते. तिला बोलावले जाते ते एजन्सीमार्फत, म्हणजे रुग्णालयाला एकेका पाळीपुरती नर्स पुरवणाऱ्या मध्यस्थामार्फत, आज मेडिकल वॉर्डात, परवा सर्जिकलमध्ये, आणि पुढच्या आठवड्यात कदाचित कुठेच नाही. या बदलीवरच्या कामाचा सर्वांत मोठा तोटा पगारात नसून पहिल्या वर्षात आहे. नर्सिंगमधले पहिले वर्ष म्हणजे पुस्तकातले ज्ञान हातात उतरण्याचे वर्ष, आणि त्यासाठी एकच वॉर्ड, तेच डॉक्टर आणि शेजारी उभी असलेली एक जुनी सिस्टर लागते, हे मिरजेच्या मिशन रुग्णालयात शिकलेल्या मावशींना वेगळे सांगायला नको.

या हिवाळ्यात इथल्या आरोग्य सेवेने 1,000 नवपदवीधरांसाठी दोन वर्षांच्या मुदतीच्या जागा जाहीर केल्या, पण त्या स्टाफ नर्सच्या सुरुवातीच्या वेतनाच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे वर्षाला सुमारे 22,000 युरोंवर. परिचारिकांच्या संघटनांनी या योजनेवर बहिष्कार पुकारला आहे आणि तो रास्तच म्हटला पाहिजे, कारण मॉर्फिनच्या नोंदवहीत सही करताना जबाबदारी 80 टक्के नसते. हेही नोंदवायला हवे की जेमतेम दहा वर्षांपूर्वी, भरभराटीच्या काळात, याच देशाने फिलिपिन्स आणि भारतातून नर्स बोलावून घेतल्या होत्या.

होलीहेड, 2 मार्च

डब्लिनहून निघालेली बोट सव्वातीन तासांत वेल्समधील या बंदराला लागते आणि इथून रेल्वे मेनाई सामुद्रधुनी ओलांडून, चेस्टर व क्रूवरून, लंडनच्या यूस्टन स्थानकाकडे जाते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 1948 मध्ये सुरू झाल्यानंतर हजारो आयरिश मुली याच वाटेने गेल्या. परंतु त्यांपैकी बहुतेकींना इंग्लंडच्या रुग्णालयांत जाऊन विद्यावेतनावर नर्सिंग शिकायचे होते, तर आजची मुलगी आयर्लंडच्या करदात्यांच्या पैशाने पूर्ण शिकून निघते, आणि तिच्या शिक्षणाचे फळ पहिल्या दिवसापासून दुसऱ्या देशाला मिळते.

तिच्या दृष्टीने वाट सोपी आहे. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यातील जुन्या मुक्त प्रवासाच्या व्यवस्थेमुळे व्हिसा लागत नाही. आणि युरोपीय संघाच्या 2005 च्या निर्देशानुसार, किमान 4,600 तासांचे ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या जनरल नर्सची पात्रता सर्व सदस्य देश आपोआप मान्य करतात, त्यामुळे तिला फक्त आपल्या देशाच्या नर्सिंग परिषदेकडून दाखले घेऊन ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मंदीने पोळलेल्या स्पेन आणि पोर्तुगालमधील नर्सही याच निर्देशाच्या आधाराने येत आहेत, आणि त्यांची भाषेची परीक्षा परिषदेला घेता येत नाही. मिरजेहून येणाऱ्या नर्सला मात्र आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही विभागांत 7 गुण मिळवावे लागतात, मग तिचे सगळे शिक्षण इंग्रजीत का झालेले असेना. हा भेद गुणवत्तेचा नसून पासपोर्टचा आहे.

काही मुली ऑस्ट्रेलियाला जातात. तिथे पगार चांगला असला तरी तरुणांसाठीच्या ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसावर साधारणपणे एका मालकाकडे सहाच महिने काम करता येते, म्हणजे जे पहिले वर्ष सलग हवे तेच मध्ये तुटते.

लंडन, 10 मार्च

इथे नव्या नर्सची नेमणूक ‘बँड 5’ या वेतनश्रेणीत होते. सुरुवात वर्षाला सुमारे 21,000 पौंडांपासून असून अंतर्लंडनमध्ये मूळ पगारावर 20 टक्के भत्ता मिळतो, जो खोलीच्या भाड्यातच जातो. सुबत्तेचे म्हणावे असे यात फार काही नाही. काटकसर इथेही आहे, आणि तिची किंमत काय असते याची नोंद गेल्याच महिन्यात, 6 फेब्रुवारीला, प्रसिद्ध झालेल्या स्टॅफर्ड रुग्णालयाच्या चौकशी अहवालात 290 शिफारशींसह झाली आहे. जमाखर्चाचा मेळ घालण्यासाठी नर्स कमी केल्या, आणि रुग्ण पाण्यावाचून व स्वच्छतेवाचून पडून राहिले. डब्लिनमधील भरतीबंदीचा विचार करणाऱ्याने हा अहवाल अवश्य वाचावा.

तरीही मुली इथे येतात त्या ‘प्रिसेप्टरशिप’साठी, म्हणजे नव्या नर्सला पहिले काही महिने एका अनुभवी नर्सच्या हाताखाली ठेवण्याच्या पद्धतीसाठी. संसर्ग टाळण्यासाठी इथे कोपराखाली साध्या अंगठीखेरीज काही घालता येत नाही, म्हणून घड्याळ गणवेशावर छातीशी उलटे अडकवलेले असते आणि मान खाली केली की सरळ दिसते. रात्रपाळीत एका वृद्ध रुग्णाच्या खाटेशी अशीच मान खाली घालून एक आयरिश मुलगी पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजत होती. गेल्या जुलैमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रसिद्ध केलेल्या गुणपद्धतीत श्वास, प्राणवायू, ताप, रक्तदाब, नाडी आणि शुद्ध यांना गुण देऊन बिघाड वेळीच ओळखला जातो. मिनिटाला 21 ते 24 श्वासांना दोन गुण, आणि 25 पासून तीन, म्हणजे तातडीने डॉक्टर. तिने 24 लिहिले, क्षणभर थांबली आणि जुन्या सिस्टरकडे पाहिले. सिस्टरने काही न बोलता स्वतःच्या घड्याळावर पुन्हा मोजले, 26 भरले, आणि आकडा दुरुस्त झाल्यावर डॉक्टरांना लावायचा फोन तिने स्वतः न उचलता त्या मुलीच्या हातात दिला.