आईची मुलाखत

यंदा आमच्या घरी एक परीक्षार्थी मी होते आणि दुसरी माझी आई. माझ्या नववीची चौकशी येणारा-जाणारा प्रत्येक जण करी. आईच्या परीक्षेची मात्र कोणी फारशी करीत नसे. ज्या बँकेत ती बावीस वर्षे लेखनिक आहे, तेथेच तिला अधिकारी व्हावयाचे होते. मग तिला नवीन ते काय शिकावयाचे, असे लोकांस वाटत असावे.

लेखी परीक्षा ती श्रावणात उत्तीर्ण झाली. मुलाखत उत्तरायणानंतरच्या आठवड्यात, अहमदाबादेस व्हावयाची होती. मधल्या महिन्यांत रात्रीची भांडी आटोपली, की आई दोनशे पानी चोपडी घेऊन बसे. तिच्यात बँकेची परिपत्रके आणि रिझर्व्ह बँकेचे नियम तिने बारीक अक्षरात उतरवून घेतले होते. कर्जाचा हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले, की ते कर्ज अनुत्पादक ठरते. एकूण कर्जांपैकी चाळीस टक्के शेती, लहान उद्योग अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावी लागतात. धनादेशाची मुदत पूर्वी सहा महिने असे, ती १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने झाली. हे सर्व ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. नागरिकशास्त्राच्या पेपरात यातले काहीच विचारीत नाहीत, हे दुर्दैव!

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना ठेवींच्या विम्याचे प्रकरण विशेष आवडे. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली, लोक हवालदिल झाले, आणि १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळू लागले. तेव्हा ते एका ठेवीदारास दीड हजार रुपयांपुरते होते. २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. "दीड हजार म्हणजे त्या वेळी थोडेथोडके नव्हेत हो सूनबाई," असे आजोबा दर वेळी म्हणत. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्या बडोद्यात बँक ऑफ बडोदाची स्थापना केली, हा प्रश्न बडोद्याच्या उमेदवारास येणारच, असेही त्यांचे ठाम मत होते. आईची बँक ती नव्हे. पण आजोबांपुढे कोण बोलणार?

परक्या कचेरीत नोकरी मागावयास जाणे निराळे आणि आपल्याच कचेरीत वरची जागा मागणे निराळे, असे मला यंदा दिसून आले. परक्या ठिकाणी माणूस आपले गुण थोडे खुलवून सांगू शकतो. येथे बावीस वर्षांचे गोपनीय अहवाल मंडळापुढे उघडे असतात. शिवाय नकार मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर, त्याच सहकाऱ्यांशेजारी बसावयाचे असते. आईला भय वाटे ते याचेच अधिक, असा माझा तर्क आहे.

रविवारी घरात सराव चाले. बाबा मंडळाचे अध्यक्ष होत, आजोबा सदस्य; आजी पडद्याआडून हसे. बाबा इंग्रजीत विचारीत, आई हिंदीत उत्तर देई, कारण मंडळापुढे दोन्ही भाषा चालतात. परंतु आकडेमोड आली, की तिचे ओठ मराठीतच हलत. आणि अडली, की "एक मिनट, भाई" असे काउंटरवरचे गुजराती तोंडून निघे. बावीस वर्षांत जिभेला तेच वळण पडलेले!

अशा एका रविवारी बाबांनी तो प्रश्न विचारला. "बदली झाल्यास जाल का?" अधिकाऱ्याची नेमणूक परप्रांतातही होऊ शकते. मागे एकदा याच कारणासाठी आई परीक्षेस बसली नव्हती. तेव्हा मी पहिलीत होते. आता पुढील वर्षी माझी दहावी, आणि मराठी माध्यमाची शाळा प्रत्येक गावी थोडीच असते! आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, हा प्रश्न सरावाचा नव्हे." त्या दिवशीचा सराव तेथेच संपला. रात्री मी तिला म्हटले, "आई, तू माझ्यासाठी थांबू नकोस." ती म्हणाली, "तू आधी अंथरुणे घाल."

मुलाखतीच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने गेली आणि दिवेलागणीस परतली. आम्ही सारे दारातच. मंडळाने चोपडीतले दोनच प्रश्न विचारले. नंतर एका वयस्क सदस्यांनी विचारले, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेल्या वृद्धाचा अंगठा यंत्राने ओळखलाच नाही, तर काय कराल?" हे तर आईचे दर वर्षीचेच काम! शेतात राबलेल्या आजींच्या, भांडी घासून झिजलेल्या बोटांच्या बायांच्या रेषा यंत्रास दिसत नाहीत. आईने सांगितले, की प्रथम त्यांना खुर्ची देते, पाणी देते. मग दुसरे बोट लावून पाहते. तेही न जमल्यास चेहऱ्यावरून ओळख पटवते, आणि तेही नच साधले तर कागदी दाखला भरून घेते. पण त्यांना "उद्या या" असे सांगत नाही. सदस्यांनी आणखीही विचारले, आणि त्या एका विषयावर दहा मिनिटे गेली. सयाजीराव महाराजांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. आजोबा किंचित खट्टू झाले.

"आणि बदलीचे?" बाबांनी विचारले.

"जाईन म्हणाले," आई म्हणाली. "मुलीची दहावी होईपर्यंत जवळपास ठेवता आले तर ठेवावे, एवढी विनंती केली. त्यांनी कागदावर काही लिहून घेतले."

निकाल अद्याप लागलेला नाही. निवड झाल्यास नेमणुका जूनमध्ये होतील. शाळा सोडल्याचा दाखला हवा असल्यास अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो, हे मी कार्यालयात विचारून ठेवले आहे. आईला अजून सांगितलेले नाही.