हंगाम

२०२०-२१च्या इंडियन सुपर लीगमध्ये चेन्नईयिन एफसी या संघाने वीस सामन्यांत सतरा गोल केले. अकरा सामने बरोबरीत सुटले, सहा हरले, तीन जिंकले आणि अकरा संघांत आठवा क्रमांक आला. फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगायचं तर हा संघ फारसा मार खात नव्हता, पण त्याला मारताही येत नव्हतं. तो हंगाम मी बराचसा पाहिला तो पापनाशममध्ये, मामाच्या घरी. सामन्यांपेक्षा मला आज सामन्यांनंतरचे वादच जास्त आठवतात.

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं भातशेतीचं गाव. नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार तिथे अजून उभं आहे, यावरून त्या भागात भात किती पिकत आलंय याचा अंदाज यावा. नायकांनंतर, १६७५-७६च्या सुमारास, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला आले. त्यांच्या मागोमाग आणि त्यांच्या वंशजांच्या काळात जी मराठी घरं या खोऱ्यात स्थिरावली, त्यांतलं माझ्या आईचं माहेर. घरात मराठी आणि दाराबाहेर तामिळ. घरातली मराठीही अशी की नव्याने आलेल्याला पहिले दोन दिवस कान लावून ऐकावी लागते.

मी राहतो मडगावला. आजीची तब्येत बिघडली म्हणून नोव्हेंबरात पापनाशमला गेलो, आणि कॉलेजचे तास ऑनलाइनच असल्याने तिथेच राहिलो. गंमत अशी की करोनामुळे त्या वर्षी लीगचे सगळे सामने गोव्यात होते: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. माझ्या घराजवळच्या मैदानावरचा चेन्नईचा सामना मी कावेरीच्या खोऱ्यात बसून टीव्हीवर पाहत होतो.

टीव्हीसमोर आम्ही चौघं असायचो. मामा, त्याचा मुलगा, शेजारी आणि मी. मामेभाऊ चेन्नईत सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला होता आणि टाळेबंदीपासून घरून काम करत होता. २०१७-१८मध्ये चेन्नई दुसऱ्यांदा विजेती झाली तेव्हा त्याने नेहरू स्टेडियमवर गळा बसेपर्यंत ओरडून घेतलं होतं, आणि गावात फुटबॉलचं वेड आणलं ते त्यानेच. शेजाऱ्याचा मोटरपंप दुरुस्तीचा धंदा. तो तामिळ, पण आमच्या घरातलं मराठी त्याला निम्मं कळायचं. वाद तामिळमध्ये सुरू व्हायचा, मामा चिडला की मराठीत यायचा, आणि शेजाऱ्याने उत्तर दिलं की पुन्हा तामिळमध्ये जायचा.

सुरुवात चांगली झाली होती. २४ नोव्हेंबरला जमशेदपूरविरुद्ध अनिरुद्ध थापाने पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि सामना २-१ जिंकला. दुसऱ्या दिवशी निवार चक्रीवादळामुळे राज्यभर सुट्टी जाहीर झाली. मामा दिवसभर आकाशाकडे बघत होता आणि मामेभाऊ आदल्या रात्रीचा गोल मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत होता. मग केरळविरुद्ध ०-०. त्यात याकुब सिल्वेस्टरची पेनल्टी गोलरक्षक अल्बिनो गोम्सने अडवली. त्यानंतर दोन पराभव, आणि पुन्हा ०-०. डिसेंबर संपेपर्यंत एकच प्रश्न उरला: गोल का होत नाहीत?

मामेभावाचं उत्तर सोपं होतं. पुढे खेळणाऱ्यांना चेंडू जाळ्यात घालता येत नाही. त्याचा सगळा राग लालियानझुआला छांगतेवर. मिझोरामचा हा मुलगा डाव्या बगलेवरून वाऱ्यासारखा सुटायचा, दोघांना मागे टाकायचा आणि मग चेंडू बाहेर मारायचा. "अप्पा, एवढं करून शेवटी हे! माझ्याकडे दिला असता तर मीसुद्धा मारला असता."

शेजारी म्हणायचा, प्रश्न शेवटच्या माणसाचा नाहीच. आदल्या वर्षी नेरियुस वाल्स्किसने पंधरा गोल केले, ते त्याला चेंडू पोचत होता म्हणून. पोचवणारा राफाएल क्रिवेलारो या हंगामाच्या मध्यावर दुखापतीने बाहेर गेला. प्रशिक्षक ओवेन कॉइल जमशेदपूरला गेले आणि वाल्स्किसही तिकडेच गेला. "पंप चालू आहे आणि पाणी येत नाही, तर नळाला शिव्या देऊन काय होणार? मी आधी विहिरीत पाणी आहे का बघतो, मग फुटव्हॉल्व्ह, मग पाइप. नळ सगळ्यात शेवटी."

मामाला फुटबॉलचे नियम जेमतेम माहीत होते; ऑफसाइड त्याला शेवटपर्यंत पटला नाही. पण त्याचं म्हणणं मला सगळ्यात खोल वाटलं. तो म्हणायचा, हे लोक दर वर्षी बाहेरून रोप आणून लावतात, स्वतःच्या वाफ्यात काही तयारच करत नाहीत. मी आकडे पाहिले तेव्हा तो किती बरोबर होता ते कळलं. लीगच्या पहिल्या सहा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान तीनदा चेन्नईच्या खेळाडूकडे गेला: २०१४ला ब्राझीलचा एलानो, २०१५ला कोलंबियाचा मेंडोझा, २०१९-२०ला लिथुआनियाचा वाल्स्किस. तिघेही पाहुणे. घरचं म्हणावं असं एकच रोप होतं, जेजे लालपेखलुआ. २०१७-१८च्या विजेतेपदात त्याचे नऊ गोल होते. पुढच्या हंगामात त्याचा सूर हरवला आणि गतविजेता संघ अठरा सामन्यांत नऊ गुण मिळवून तळाला गेला. फक्त चेन्नईचीच ही गोष्ट नाही. तेव्हा मैदानात पाच परदेशी खेळाडू चालत, आणि बहुतेक संघ त्यातली एक जागा मधल्या आघाडीवीराला देत. भारतीय मुलगा बगलेवर धावायचा. ऐन गोलासमोर उभं राहण्याचा सराव त्याला मिळणार कुठून? आणि सुनील छेत्रीनंतर कोण, हा राष्ट्रीय संघाचा प्रश्नही तिथूनच निघतो.

एकदा मी बोलता बोलता 'हंगाम' हा शब्द वापरला. मामाने तो ऐकला होता, पण त्यांच्या बोलण्यातून तो गेलेला. फुटबॉलचा तो 'सीझन' आणि भाताचा तो 'बोगम', तामिळमधून आलेला. दोन्हींना एकच शब्द चालतो हे कळल्यावर तो खूश झाला. "बरोबर आहे," म्हणाला, "दोन्हीकडे शेवटी घरात काय आलं तेच मोजतात."

त्या वर्षीचा भाताचा हंगामही उशिरा लागलेला होता. मेट्टूर धरणाचं पाणी वेळेवर, १२ जूनला सुटलं होतं. पण मामाचं सांबाचं वाण लांब मुदतीचं, त्यात लावणी मागे पडलेली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बुरेवी वादळाच्या पावसात शिवार पाण्याखाली गेलेलं. तरीही पीक सावरलं. पोंगलच्या सुमाराला नऊ मा, म्हणजे तीन एकर भात पिवळं होऊन उभं होतं. कापणीचं यंत्र ठरवायचं काम मामेभावाकडे होतं. ओल्या रानात टायरचं यंत्र रुततं, पट्ट्याचं लागतं, आणि त्याचा ताशी दर जास्त. दलालाशी घासाघीस करण्यात आणि ऑफिसच्या मीटिंगांत त्याचे तीन दिवस गेले. तेवढ्यात जानेवारीत सहसा न पडणारा पाऊस आला आणि थांबेचना. खोऱ्यातल्या कितीतरी शेतांसारखं मामाचंही भात आडवं झालं. लोंब्या पाण्यात भिजल्या आणि दाण्यांना कोंब फुटले. सरकारी खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांवर ओलावा चालत नाही. आमच्या भाताला तर तिथवर जायचीही सोय उरली नव्हती.

१८ जानेवारीला ईस्ट बंगालशी सामना होता. टीव्ही लावायची कुणाचीच इच्छा नव्हती. शेजारी आला आणि त्यानेच लावला. एकतिसाव्या मिनिटाला ईस्ट बंगालच्या एका खेळाडूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. उरलेला तासभर अकराजणांविरुद्ध दहाजण. तरी गोल झाला नाही. गोलरक्षक देबजित मजुमदारने एकामागून एक फटके अडवले. पुन्हा ०-०.

सवयीने मामेभाऊ म्हणाला, "शेवटचं एक काम नीट करता येत नाही यांना."

मामा मराठीत म्हणाला, "तुला आलं का?"

त्यानंतर जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण एकच माणूस बोलत होता. तीन दिवस, तीनशे रुपयांची घासाघीस, शहरातली नोकरी, शेताकडे पाठ, सगळं निघालं. मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. मामेभाऊ खाली बघत होता. तो उलट बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

बोलला शेजारी. हळू आवाजात, तामिळमध्ये. "राव सार, यंत्र तीन दिवस आधी आलं असतं तर थोडं वाचलं असतं, खरं आहे. पण लावणी उशिरा कुणी केली? लांब मुदतीचं वाण कुणी निवडलं? निचऱ्याच्या कालव्यात गवत माजलंय, पाणी आठ दिवस हललं नाही. ते ज्यांनी उपसायचं त्यांनी दोन वर्षं उपसलेलं नाही. या पोराचे तीन दिवस मोजताय, तर बाकीचेही दिवस मोजा ना."

मामा काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक दोघं मिळून रानात गेले आणि भिजलेलं जेवढं हाताने कापता आलं तेवढं कापून बांधावर टाकलं. त्या दिवशी मामेभावाने ऑफिसला सुट्टी टाकली.

त्यानंतर आमच्याकडे सामने पाहिले गेले, पण छांगतेला कुणी नावं ठेवली नाहीत. मामेभाऊ आता चेंडू मागून कसा येतो ते बघायचा. मधल्या फळीतून दिलेला चेंडू अर्ध्यातच अडला की शेजाऱ्याकडे पाहून म्हणायचा, "फुटव्हॉल्व्ह."

पुढे जे घडलं ते शेजाऱ्याच्या आणि मामाच्या बाजूने साक्ष देतं. पुढच्या हंगामासाठी संघाने प्रशिक्षक बदलला, आघाडीवर नवे पाहुणे आणले आणि ज्याने त्या रात्री आपल्याला अडवलं त्या देबजितलाच करारावर घेतलं. जानेवारी २०२२मध्ये, ज्याच्या नावाने सगळे उसासे टाकत होते तो वाल्स्किस परत आला, आणि त्याच महिन्यात छांगते मुंबई सिटीकडे गेला. निकाल काय? पुन्हा सतरा गोल, पुन्हा वीस गुण, पुन्हा आठवा क्रमांक. नळ बदलला, पाणी तेवढंच आलं. आणि छांगते? २०२२-२३मध्ये मुंबईने साखळीत पहिलं स्थान पटकावलं, त्यात लीगमधले त्याचे दहा गोल होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पाय तोच होता. मागून चेंडू देणारे हात, किंवा पायच म्हणू, वेगळे होते.

शेवटच्या माणसाची काहीच चूक नसते, असं मला म्हणायचं नाही. पेनल्टी चुकते ती मारणाऱ्याकडूनच, आणि ते तीन दिवस गेले ते मामेभावाचेच. पण शेवटची चूक डोळ्यांना दिसते, टीव्हीवर चार कोनांतून पुन्हा दाखवली जाते. उशिरा झालेली लावणी आणि तुंबलेला कालवा कुणी पुन्हा दाखवत नाही. म्हणून आपण दिसतं तिथे बोट ठेवतो, तेवढ्याने हिशेब झाला असं समजतो आणि पुढच्या हंगामात तेच वाण, त्याच वेळेला, त्याच कालव्याकाठी लावतो.

मामाने तसं केलं नाही. २०२१च्या जूनमध्ये, मेट्टूरचं पाणी सुटायच्या आधी त्याने कमी मुदतीचं बियाणं आणलं. आजूबाजूच्या सहा घरांकडून वर्गणी काढून निचऱ्याचा कालवा उपसून घेतला. यंत्र ठरवायचं काम मात्र पुन्हा मुलाकडेच दिलं. मामीने विचारलं, "परत त्यालाच?"

"मग कुणाला?" मामा म्हणाला. "पुढे उभं राहायला दुसरा आहे कोण आपल्याकडे?"