फ्रेडीचा पंचनामा

सप्टेंबर उजाडला की पुरवणीच्या उपसंपादकाकडे 'पाचगणीचा फ्रेडी' छापाचा एखादा लेख हमखास येतो. ५ सप्टेंबर हा 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा वाढदिवस आणि पाचगणी म्हणजे तर घरचंच प्रकरण. लेखात बहुतेक सगळं बरोबर असतं. तपासायला असेच लेख जड जातात, कारण धडधडीत चूक लगेच डोळ्यांत भरते, पण बरोबर गोष्टींच्या गर्दीत घुसलेली चूक बेमालूम खपून जाते.

जन्म मुंबईतला की झांझिबारचा, हा प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघतो. १९४६, झांझिबारमधलं स्टोन टाउन, नाव फारोख बुलसारा. घराणं पारशी, आडनाव बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. लेखकाने 'इराणी' लिहिलं असेल तर तिथे लाल पेन फिरतं. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा फरक शिकवावा लागत नाही. वयाच्या आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आला, मुलं त्याला फ्रेडी म्हणू लागली, 'द हेक्टिक्स' हा बँड तिथेच जमला. इथवर सगळं ठीक. पुढे 'बँडचा मुख्य गायक' असे शब्द येतात आणि उपसंपादक थांबतो. त्या बँडमध्ये फ्रेडी पियानोवर होता, पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच. मोठेपणी जगाने ज्याला माइकसमोर पाहिलं, त्याला लेखक शाळेतही माइकसमोरच उभा करतो.

खरी डोकेदुखी २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' या चित्रपटाने वाढवली. त्यातले प्रसंग पुष्कळसे घडलेलेच आहेत, पण ते घडले त्या क्रमाने ठेवलेले नाहीत. 'वी विल रॉक यू' चित्रपटात १९८० साली, मिशीवाल्या फ्रेडीच्या देखत जन्माला येतं. प्रत्यक्षात ते १९७७च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये आलं, तेव्हा मिशीचा पत्ता नव्हता. चित्रपटातला फ्रेडी एकट्याच्या अल्बमचा करार करतो आणि बँड फुटतो. प्रत्यक्षात त्याचा तो अल्बम, 'मिस्टर बॅड गाय', एप्रिल १९८५चा. ड्रमर रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम 'फन इन स्पेस' त्याच्या चार वर्षं आधीच बाजारात आला होता आणि १९८३मध्ये गिटारवादक ब्रायन मे यानेही आपला वेगळा संसार मांडून पाहिला होता. म्हणजे घर सोडून गेलेला एकटा फ्रेडी, ही कथाच टिकत नाही.

अशा वेळी मुलाखतींपेक्षा कार्यक्रमांची यादी जास्त कामाची. मुलाखतीत माणूस आठवेल तसं आणि शोभेल तसं बोलतो. तिकिटावर छापलेली तारीख मात्र कुणाची भीड धरत नाही. ती यादी सांगते की क्वीन जानेवारी १९८५मध्ये रिओत वाजवत होते, मग न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान. १५ मे रोजी ओसाका. आणि वेम्बलीवरचा 'लाइव्ह एड' कार्यक्रम १३ जुलैला. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. तेव्हा 'वर्षानुवर्षं दुरावलेले मित्र वेम्बलीवर पुन्हा एकत्र आले' हे लेखातलं वाक्य, कितीही गहिवर आणणारं असलं तरी, उडवावंच लागतं. त्या कार्यक्रमाआधी फ्रेडीने साथीदारांना आजाराबद्दल सांगितलं, हेही पडद्यावरचं. त्याचा जोडीदार जिम हटन याने आठवणींच्या पुस्तकात निदानाची वेळ १९८७ची दिली आहे. ही तारीख वापरताना 'हटनच्या म्हणण्यानुसार' हे शब्द सोबत हवेत. जागा कमी पडते म्हणून ते कापणं हा उपसंपादकाचा आळस.

आवाजाचं काय? 'चार सप्तकांचा गळा' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो तपासावा असंही कुणाला वाटत नाही. २०१६मध्ये आवाजाचे संशोधक क्रिस्टियन हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून चार सप्तकांचा दावा त्यांना सिद्ध करता आला नाही. बोलण्याच्या आवाजाची पट्टी मुलाखतींतून मोजली तर ती साधारण ११७ हर्ट्झ निघाली, म्हणजे ज्याला आपण उंच आवाजाचा गायक समजतो तो बोलायचा बॅरिटोनसारखा खाली. शिवाय गाताना त्याच्या सुराचं कंपन सेकंदाला सुमारे सात वेळा, नेहमीच्या गायकांहून जलद. 'चार सप्तकं' गेली म्हणून हळहळणाऱ्या लेखकाला एवढा ऐवज बदल्यात देता येतो, आणि तो जास्त चविष्ट आहे.

'अहो, सगळीकडे तसंच छापलंय,' हे उत्तर ठरलेलं. सगळीकडे म्हणजे पुष्कळदा एकाच ठिकाणाहून उचललेलं.

लेखाचा शेवट तर हटकून घाईत उरकलेला असतो. एड्स झाल्याचं निवेदन २३ नोव्हेंबर १९९१चं आणि मृत्यू २४चा. लेखक दोन्ही एकाच संध्याकाळी आटोपतो. अंत्यविधी पारशी म्हटल्यावर कुणी दोखम्याचा, म्हणजे पारशांच्या शांतिमनोऱ्याचा, उल्लेख घुसडतं. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या, पण दहन झालं. रक्षा कुठे ठेवली हे ती ज्यांच्या हाती होती त्या मेरी ऑस्टिन या फ्रेडीच्या मैत्रिणीने जाहीर केलेलं नाही. त्यामुळे 'मॉन्त्रूच्या तलावात' किंवा 'केन्सल ग्रीनमध्ये' असं लेखात ठामपणे आलं असेल, तर उपसंपादक लेखकाला फोन लावून आधार मागतो, आणि तो मिळाला नाही की ते ठिकाण मजकुरातून काढून टाकतो.