गोदामाला सहा लाख, आत्याला शून्य



परवा बार्शीच्या मार्केट यार्डाजवळ एका नव्या गोदामावर सरकारी योजनेची पाटी पाहिली. आमच्यातल्या एकाची आत्या तिथेच रोजंदारीवर तूर निवडते. ती म्हणाली, "यांना सरकार पैसं देतंय, मग मला का न्हाई? मातीत मी बी जल्म घातला की." आम्ही हसलो आणि मग गप्प झालो.

सरकारी कागदात शेतकरी म्हणजे राबणारा नव्हे, सातबाऱ्यावर नाव असलेला. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. 2023 पासून राज्याने त्यात आणखी 6000 घातले, तेही त्यालाच. वाट्याने कसणारा आणि भूमिहीन मजूर दोन्हीत नाही. आता फार्मर आयडी आला, तोही जमिनीलाच जोडलेला.

दुसरीकडे गोदाम बघा. 2020 च्या कृषी पायाभूत सुविधा निधीत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 7 वर्षं 3 टक्के व्याज सवलत आहे. पूर्ण 2 कोटी घेतले तर पहिल्याच वर्षी साधारण 6 लाख वाचतात. म्हणजे एका पीएम किसानवाल्याचे केंद्राचे शंभर वर्षांचे हप्ते! गोदामं नकोत असं आम्ही म्हणत नाही. पण हे कर्ज बँक कुणाला देते? ज्याच्याकडे तारण आहे त्याला. ट्रॅक्टर-अवजारांचंही तसंच, आधी खरेदी करा, बिल जोडा, अनुदान मागून येईल. आधीचा पैसा आणायचा कुठून?

"तुम्हाला तर वेगळ्या योजना आहेत की," असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेत भूमिहीनाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते. 2018 पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे, दराची मर्यादा जिरायतीला एकरी 5 लाख. त्या भावात पिकाऊ जमीन आम्हाला विकणारा अजून आम्हाला भेटलेला नाही. बाबासाहेबांच्या नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेत विहीर मिळते, पण जमीन किमान 0.40 हेक्टर हवी, म्हणजे एक एकर.

इथे आमचं घोडं अडतं. बाबासाहेबांनी 1928 साली वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ती गुलामी कायद्याने संपायला 1958 उजाडलं. वतनाची जमीन राहिली, पण भावकीत. आमच्या एका तुकड्याचे 3 एकर 8 गुंठे आणि सातबाऱ्यावर 16 नावं. माणशी 8 गुंठे! एकत्र येऊन अर्ज करायचा तर निम्मे पुण्या-मुंबईत, दोघं वारलेले, एक बोलत नाही. बाबासाहेबांनी 1918 सालीच लिहिलं होतं की शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात घालायला भांडवल किती आहे यावर ठरतं. 1947 साली त्यांनी शेती सरकारने करावी, भांडवल सरकारने पुरवावं आणि कुणी भूमिहीन मजूर राहू नये असा आराखडाच मांडला. आपण दोन्ही पुस्तिका जयंतीला स्टॉलवर विकतो, वाचतो किती?

आता आमचीच चूक सांगतो. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कागद काढला, तेव्हा कळलं की आत्याच्या बापाचीच ती जमीन. बाप गेला तेव्हा भावांनी स्वतःची नावं लावली, बहिणींची नाही. ही गोष्ट कुठल्या सावकाराने केलेली नाही, निळा झेंडा लावणाऱ्या आमच्याच घरांनी केली. बौद्ध मुलीला 1956 च्या कायद्याने बापाच्या मिळकतीत वाटा आहे.

आम्ही वारस नोंदीचा अर्ज दिलाय. बहिणी धरून 16 ची 23 नावं होतील. त्यानंतर कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप मागणार, विहिरीचा करारनामा त्यापुढे. आत्याचा धाकटा भाऊ महिनाभर आमच्याशी बोलत नाही. आत्याने मात्र आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स आणून ठेवल्यात, एक हरवली तर असू दे म्हणून.