राधानगरीच्या वाटेवर : घरचा गॅस आणि घरची वीज

कोल्हापूरहून राधानगरीला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. रंकाळा मागे टाकला, पुईखडीचा चढ चढला, की हळदी, परिते अशी भोगावतीकाठची गावे लागतात. दोन्ही बाजूंना ऊस. हिवाळ्यात या वाटेने गेलात तर कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर दिसतो आणि काहिलीतल्या रसाचा वास लांबूनच येतो. पण या खेपेला उसाकडे पाहू नका. घरांच्या पाठीमागे पाहा आणि मग छपरांवर पाहा. घर चालवायला लागणारी ताकद या भागातले शेतकरी कुठून कुठून काढतात, हे पाहायला आपण निघालो आहोत.

तसे पाहिले तर गुऱ्हाळाची चुलवण हाच त्यातला जुना धडा आहे. रस काढून झाला की उरलेले चिपाड वाळवायचे आणि त्याच रसाखाली जाळायचे. बाहेरून सरपण आणायचे नाही. साखर कारखान्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. बगॅस जाळून वाफ करायची, वाफेवर वीज करायची, कारखाना चालवून उरलेली वीज विकायची. मग प्रश्न असा, की जे गुऱ्हाळाला आणि कारखान्याला जमते ते चार म्हशींच्या घराला का जमू नये?

जमते. पाठीमागच्या परसात शिरलात तर बऱ्याच ठिकाणी गोठ्याला लागून एक सिमेंटची कुंडी, तिच्या पुढे जमिनीत पुरलेला घुमट आणि पलीकडे काळपट रबडीने भरलेला खड्डा दिसेल. हे गोबरगॅसचे संयंत्र. काही जुन्या घरांत लोखंडी पिंप उपडे घातलेली विहिरीसारखी टाकी दिसेल. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तयार केलेला हा नमुना पुढे खादी आयोगाने देशभर नेला. गॅस भरला की पिंप वर येते, वापरला की खाली बसते. समजायला फार सोपे. पण लोखंड ते लोखंड. आपल्याकडच्या पावसात ते गंजले, भोके पडली, आणि पुष्कळांनी संयंत्राचा नाद सोडला. १९८४ साली दीनबंधू नावाचा विटा-सिमेंटचा घुमट आला. त्यात हलणारा आणि गंजणारा भागच नाही. अलीकडे तर जाड पिशवीसारखी संयंत्रेही आली आहेत. गोकुळ दूध संघाने आपल्या दूध उत्पादक महिलांसाठी तशी योजना राबवली आहे.

आता हिशेब पाहू, कारण कारभारीण हिशेब विचारणारच. घरात चार मोठी जनावरे धरा. म्हैस दिवसाला बारा-पंधरा किलो शेण टाकते, गाय-बैल दहाच्या आसपास. म्हणजे रोजचे पन्नास किलो शेण झाले. एवढ्यावर दोन घनमीटरचे संयंत्र चालते. शेण जितके तितकेच पाणी घालून काला करायचा आणि कुंडीतून आत सोडायचा. आत तो चाळीसएक दिवस कुजत राहतो. रोज निघणारा दोन घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला सुमारे नऊशे ग्रॅम गॅस. आपली घरगुती टाकी १४.२ किलोची. ती या मापाने सोळा दिवसांत भरून निघते. पाच-सहा माणसांच्या घराचा सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक त्यात होतो.

"पण मग शेणी कशाच्या थापायच्या?" असे एखादी मावशी विचारील. प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरात शेणीला मान आहे. होळी लहान करून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करायची चाल शहराने पाडली आहे. तिथल्या अंत्यसंस्कारांना त्याच शेणी लागतात. त्यासाठी दहा-वीस शेणी अवश्य थापा. पण रोजच्या चुलीत शेणी घालणे म्हणजे धूरही डोळ्यात घ्यायचा आणि खतही जाळायचे. संयंत्रातून गॅस निघून जातो, शेणातला नत्र मात्र रबडीत राहतो. ती रबडी उसाच्या सरीला सोडता येते किंवा पालापाचोळ्यावर टाकून कंपोस्ट करता येते. एकाच शेणातून आच आणि खत दोन्ही मिळते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे, पण मथळ्यात वीज लिहिली आहे आणि बोलताय गॅसचे. थांबा. विजेचे बिल कुठे फुगते ते आधी बघू.

शेतीपंपाची गोष्ट वेगळी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून माफ केले. तेव्हा खिशाला चावतो तो घरचा मीटर. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटे स्वस्त, एकशे एक ते तीनशे बरीच महाग, त्यापुढे आणखी महाग. म्हणजे शंभराची वेस ओलांडली की प्रत्येक युनिट टोचू लागते. आणि ती वेस कोण ओलांडते? दिवे नव्हेत, पंखाही नव्हे. अंघोळीचे पाणी ओलांडते. पूर्वी दारात तांब्याचा बंब असे. आता बादलीत रॉड टाकला जातो, नाहीतर न्हाणीघरात गिझर असतो. वीस लिटर पाणी अंघोळीइतके गरम करायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज जाते. सहा माणसांच्या सहा बादल्या म्हणजे रोज साडेतीन युनिटे, महिन्याला शंभरच्या वर! एकट्या न्हाणीघराने स्वस्त टप्पा संपवला, बाकी घर महाग टप्प्यात गेले. हेच पाणी गोबरगॅसवर तापवायला दिवसाला घनमीटरभर गॅस लागतो. म्हणून ज्याच्याकडे सहा-सात जनावरे आहेत त्याने दोनाऐवजी तीन घनमीटरचे संयंत्र बांधावे आणि अंघोळीचे पाणी त्यावर घ्यावे, असे माझे मत आहे. जनावरे नसतील तर छपरावर पाणी तापवणारा सौर बंब बसवावा. तो पावसाळ्यात रुसतो, पण आठ महिने तरी चालतो.

गॅसवर इंजिन चालवून वीज करता येते का, हेही लोक विचारतात. येते. एका घनमीटरातून दीड युनिटाच्या आसपास निघते. पण गॅसमधला गंधकाचा अंश इंजिन खातो, आणि चार म्हशींच्या गॅसवर इंजिन पाळणे म्हणजे घरात पाचवी म्हैस बांधण्यासारखेच आहे. मोठ्या गोठ्याचे गणित निराळे. घरच्या माणसाने गॅस चुलीवरच जाळावा.

वीज करायची तर ती छपरावर. पुढे चला आणि घरांची छपरे बघत चला. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे स्लॅबची घरे अधिक, इकडे डोंगराच्या बाजूला कौले अधिक. स्लॅबवर पॅनेल बसवणे सोपे. कौलांवर मात्र भार देऊ नये. त्यापेक्षा गोठ्यावर किंवा अंगणात लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर पॅनेल घ्यावीत, खाली सावलीही होते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. नारळाच्या झावळीची सावलीसुद्धा नको, कारण एका पॅनेलवर सावली पडली की जोडलेल्या इतरांचीही वीज घटते. तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा-सतरा अंशांचा ठेवावा.

एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटे देते, म्हणजे महिन्याला एकशेवीसच्या आसपास. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. त्या वेळी सरकारने दोन किलोवॅटपर्यंतचा खर्च किलोवॅटला ५० हजार धरला होता. प्रत्यक्ष भाव कंपनीप्रमाणे आणि सांगाड्याप्रमाणे कमी-जास्त होतो. दुपारी तयार झालेली वीज घरात खपली नाही तर मीटरमधून महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. वर्षाअखेर शिल्लक उरली तर तिला मिळणारा भाव मात्र कमी असतो. म्हणून वीज विकून श्रीमंत होण्याच्या भाषेला भुलू नका. मागच्या बारा बिलांची युनिटे मांडा, सरासरी काढा आणि तेवढीच पॅनेल घ्या. न्हाणीघर आणि कडबाकुट्टी धरून महिन्याला अडीचशे युनिटे जाळणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरतात. पण अंघोळीचे पाणी आधी गॅसवर नेलेत तर दीडशेवर येता, आणि मग एका किलोवॅटवर बरेचसे भागते. हा क्रम उलटा केला तर पॅनेलावर पैसे घालून रॉड पोसल्यासारखे होईल.

रस्ता आता राधानगरीजवळ आला. फेजिवड्याला धरण आहे. शाहू महाराजांनी १९०९ साली या कामाला हात घातला, पैशाअभावी ते अर्ध्यावर राहिले आणि १९५०च्या दशकात पुरे झाले. महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव या तलावाला आहे. सात दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, ते पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. पायथ्याचे जुने वीजघर ४.८ मेगावॅटचे. कागदावर पाहिले तर तीन किलोवॅटची पॅनेल सोळाशे घरांवर बसली की तेवढीच क्षमता होते! कागदावर अशासाठी म्हटले, की धरणाचे पाणी रात्रीही पडते, सूर्य रात्री नसतो.

आणि पावसात तर दिवसाही नसतो. हे राधानगरी-गगनबावड्याच्या माणसाला सांगायला नको. जून संपता संपता ढग जे बसतात ते आठवडे आठवडे उठत नाहीत. त्या दिवसांत पॅनेलची वीज निम्म्याच्याही खाली येऊ शकते. वर्षाच्या बेरजेत उन्हाळा ते भरून काढतो, पण महिन्याचे बिल पाहून घाबरणाऱ्याने हे आधीच ओळखून असावे. गोबरगॅसही गारठ्यात मंदावतो. शेणकाल्यात कोमट पाणी घातले आणि कुंडीवर पावसाचे पाणी येऊ दिले नाही, तर बराच फरक पडतो.

आता महापुराचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन महिने पंचगंगेच्या खोऱ्यात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले. उपकेंद्रे आणि रोहित्रे पाण्यात गेली, गावेच्या गावे अंधारात राहिली. अशा वेळी छपरावर पॅनेल आहे म्हणजे दिवा लागेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो लागत नाही. महावितरणच्या तारेला जोडलेले साधे संयंत्र तारेत वीज नसली की आपोआप बंद होते. तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरून झटका बसू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. वीज गेल्यावरही घर चालू हवे असेल तर बॅटरीची वेगळी व्यवस्था लागते आणि ती खर्चाची आहे. साऱ्या घरासाठी ती घेण्यापेक्षा दोन दिवे आणि फोन चालेल एवढे छोटे पॅनेल बॅटरीसह वेगळे ठेवावे. नदीकाठच्या घरांनी तर ते ठेवावेच. विकणारा माणूस हे आपण होऊन सांगेलच असे नाही, तेव्हा सही करण्याआधी त्याला एवढा एकच प्रश्न विचारा : "दादा, लाईट गेल्यावर हे चालेल का?"

गोबरगॅसला तारेची गरज नाही, पण त्याला पाण्याची भीती आहे. संयंत्र पूररेषेच्या वर, विहिरीपासून लांब आणि गोठ्याच्या जवळ घ्यावे. गोठा लांब असला की शेण वाहून नेण्याचा कंटाळा येतो. पाट्या वाहणार कोण, तर घरातली बाईच, आणि मग चार महिन्यांत कुंडी कोरडी पडते. नवे संयंत्र भरल्यावर पहिला गॅस पेटवू नये, तो सोडून द्यावा, कारण त्यात हवा मिसळलेली असते. नळीची गळती काडी पेटवून नव्हे, साबणाच्या फेसाने पाहावी. आणि भरलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत कुणीही, कितीही धट्टाकट्टा गडी असला तरी, उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो.

बांधायचा विचार असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी चौकशी करा, अनुदानाची मंजुरी कामाच्या आधी लागते का तेही तिथेच विचारून घ्या. खड्डा दिवाळीनंतर खणावा. त्या वेळी भोगावतीकाठच्या जमिनीतले पाणी खाली गेलेले असते, गवंडी मिळतो, घुमटाला पाणी मारून तो पक्का व्हायला वेळ मिळतो, आणि ऊन तापू लागेपर्यंत पहिला गॅस चुलीपर्यंत पोचलेला असतो.